चौथ्या पानावरची ओळ

सबनिसांच्या घरात नव्या वस्तूवरचं प्लास्टिक काढायची पद्धत नाही. टीव्हीचा रिमोट ज्या पिशवीतून आला त्याच पिशवीत अजून आहे, वर रबरबँड. फ्रिज किती लिटरचा आहे हे त्याच्या दारावरचं स्टिकर येणाऱ्या-जाणाऱ्याला आजही सांगतं. मायक्रोवेव्हच्या बटणांवरची पातळ फिल्म एका कोपऱ्यात सुटायला लागली, तेव्हा वसुधाबाईंनी तिला सेलोटेप लावून परत बसवलं. माळ्यावर एकोणीस वर्षांपूर्वीचा डिनर सेट खोक्यासकट बसलाय, आणि तो बाहेर काढण्याइतका मोठा पाहुणा अजून जन्माला यायचाय. मुलगा निहार नोकरीसाठी बंगळुरूला निघाला तेव्हा म्हणाला होता, "बरं झालं मी चाललोय आई, नाहीतर एक दिवस तू मलाही गुंडाळून ठेवलं असतंस." वसुधाबाई हसल्या आणि त्याच्या बॅगेवरचं कव्हर नीट ओढून बसवलं.

तर मुलुंडच्या अशा या घरात, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, वसुधाबाईंनी स्वतःच्या हाताने कॉम्प्युटर जुळवला.

ऐकणाऱ्याच्या भुवया वर जातात, पण त्यात नवल काही नाही. साकीनाक्याच्या एका गाळ्यातल्या प्रेसमध्ये त्यांनी सव्वीस वर्षं अक्षरजुळणी केली होती. लेखकाने काहीही खरडून आणावं आणि यांनी ते टाइप करून, चित्रं, तळटीपा, पानांचे आकडे जागच्या जागी लावून त्याचं पुस्तक करून द्यावं. तिथले कॉम्प्युटर बिघडले की नितेश नावाचा मेकॅनिक यायचा, आणि डबा उघडून सगळे स्क्रू वसुधाबाईंच्या तळहातावर ठेवायचा. हात अडकलेला, मग डोळे कुठे जाणार? बघून बघून कुठली पट्टी कुठे बसते ते त्यांना पाठ झालं. पुढे प्रेस बंद झाली, गाळ्यात आता थर्माकोल कापतात. घरचा जुना कॉम्प्युटर यंदा गणपतीत कायमचा झोपला, तेव्हा निहार म्हणाला लॅपटॉप घे. वसुधाबाईंना ते पटलं नाही. एवढ्याशा पडद्यावर पुस्तकाची पानं लावायची म्हणजे वाटीत कणीक मळायची. त्यांनी यादी केली, एकेक भाग मागवला, आणि दसऱ्याच्या सकाळी जेवणाच्या टेबलावर जुनं बेडशीट पसरून बसल्या. दुपारी मशीन सुरू झालं. पडद्यावर उजेड आला तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी फोडणीवर ढकललं.

घाई होती ती रुचिराच्या कामाची. रुचिरा म्हणजे अंधेरीची तरुण प्रकाशक, वर्षाला चार पुस्तकं काढणारी. एका निवृत्त शिक्षकांनी आरे कॉलनीतल्या गवतांवर पुस्तक लिहिलं होतं. गवतांवर, हो. तीनशे बारा पानं, एकशे ऐंशी फोटो, आणि प्रत्येक गवताचं शास्त्रीय नाव तिरप्या अक्षरात. काम देताना रुचिरा सहज म्हणाली होती, "वसुधाताई, चौथ्या पानावर अक्षरजुळणीच्या पुढे तुमचं नाव टाका हं."

तिला काय माहीत, तिने काय दिलं ते. सव्वीस वर्षांत वसुधाबाईंनी चारशेच्या वर पुस्तकं लावली होती आणि प्रत्येकाच्या चौथ्या पानावर, जिथे प्रकाशक-मुद्रकांची नावं छापतात तिथे, प्रेसचं नाव होतं. त्यांचं स्वतःचं नाव आजवर छापलं गेलं ते लग्नपत्रिकेत, तेही वडिलांच्या नावाखाली बारीक टायपात. त्या दिवशी घरी येऊन त्यांनी फाइल उघडली, चौथ्या पानावर "अक्षरजुळणी :" एवढं लिहिलं, आणि पुढची जागा कोरी ठेवली. नाव सगळ्यात शेवटी लिहायचं, पुस्तक पूर्ण झाल्यावर. चांगलं ते शेवटी, ही त्यांची जन्माची सवय.

दसऱ्यानंतरच्या सोमवारी सकाळी अकराला, मजकूर संपवून मोठा पवन्या नावाच्या गवताचा फोटो पानावर बसवत असताना, पडदा काळा झाला. पाच सेकंद काहीच नाही. मग मशीन आपलं आपण परत सुरू झालं, जणू काही घडलंच नाही. वसुधाबाईंनी फाइल पुन्हा उघडली, सहा मिनिटं काम केलं, आणि पुन्हा काळोख. दुपारपर्यंत सात वेळा.

"मेल्याला काय झालंय कोण जाणे," त्या म्हणाल्या.

त्यांचे यजमान विद्याधरराव गॅलरीत पेपर वाचत होते. एकतीस वर्षं आरेच्या डेअरीत दूध तापवण्याच्या यंत्रावर काढलेला माणूस. दर अर्ध्या तासाने तापमानाचा काटा बघायचा आणि वहीत आकडा लिहायचा, एवढंच काम, पण ते हाडीमाशी खिळलेलं. ते उठले, भिंतीवरच्या कॅलेंडरजवळ गेले आणि जिथे दूध किती घेतलं ते लिहितात त्या चौकोनात बारीक अक्षरात लिहिलं, ११.०४, ११.१०. बायकोला काही बोलले नाहीत.

नितेशचा एक नियम वसुधाबाईंना आठवत होता. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, काकी, दोन बदलल्या की चोर कोण ते कळत नाही. त्या नियमाने निघाल्या. सोमवारी संध्याकाळी वायर बदलली. मंगळवारी मेमरीच्या दोन पट्ट्यांपैकी एक काढली, मग ती घालून दुसरी काढली. दसऱ्याला वाहिलेल्या अक्षता आत पडल्या असतील म्हणून कॅबिनेट आडवं करून हलवलं, तर खरंच तीन तांदूळ निघाले, आणि क्षणभर त्यांना वाटलं झालं, सुटलो. वीस मिनिटांनी मशीनने परत मान टाकली. बुधवारी त्यांनी ठरवलं की दोष घरच्या विजेत आहे.

"अहो, तुम्ही हॉलमधला पंखा लावलात की इकडे व्होल्टेज पडतं."

"असं?" विद्याधरराव म्हणाले.

"पंखा लावू नका. मी बसले असताना फ्रिजही बंद ठेवते. मिक्सरला हात लावायचा नाही."

ऑक्टोबरचं ऊन होतं ते. विद्याधररावांनी पंखा बंद केला, शर्ट काढून बनियनवर बसले आणि पेपरच्या पुरवणीने वारा घेऊ लागले. फ्रिजमधलं दूध नासलं. मशीन पूर्वीसारखंच बंद पडत राहिलं. पण एकदा तोंडातून शब्द गेला की वसुधाबाईंना तो मागे घेता येत नाही, तेव्हा पंखा बंदच राहिला.

गुरुवारी निहारचा व्हिडिओ कॉल आला. त्याने आईला कॅबिनेटच्या आत मोबाइल फिरवायला लावला. "पंखे फिरतायत सगळे? प्रोसेसरवरचा फिरतोय? मग गरम होत नसणार. पॉवर सप्लाय तरी गंडलाय नाहीतर मदरबोर्ड. आई, सोड ना यार. तुला म्हटलं होतं. मी लॅपटॉप ऑर्डर करतो, मंगळवारी येईल."

"मंगळवारी काय करू त्याचं? शनिवारी संध्याकाळी फाइल द्यायचीय."

"मग त्या बाईंना सांग, नाही जमत. या वयात एवढा ताण कशाला घेतेस?"

या वयात. वसुधाबाईंनी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन कणीक मळायला घेतली. राग निहारचा नव्हता. त्यांनाच आतून वाटायला लागलं होतं की पोराचं बरोबर असेल. स्क्रू धरायला उभी राहिलेली बाई, तिने स्वतःला मेकॅनिक समजू नये.

शुक्रवारी सकाळी रुचिराचा फोन आला. ती भली मुलगी, शब्द जपून टाकत होती. "ताई, छापखान्याची तारीख सोमवारची आहे, ती हलत नाही. किती पानं राहिलीत?"

"नव्वद. सगळी फोटोंची."

"मी काय म्हणते, अडचण असेल तर आहे ती फाइल पाठवून द्या. इथे एक स्टुडिओ आहे, ते दोन दिवसांत उरलेलं करतील. तुमचे कष्ट मी विसरणार नाही. फक्त मग चौथ्या पानावर त्यांचं नाव घालावं लागेल, त्यांची अट असते तशी."

"उद्या संध्याकाळपर्यंत थांब," वसुधाबाई म्हणाल्या. "उद्या सहाला नाही आली फाइल तर खुशाल दे त्यांना."

बोलून तर बसल्या. 

दुपारी दोघं जेवायला बसली. विद्याधररावांनी ताकाचा पेला संपवला, कपाळावरचा घाम टॉवेलने पुसला आणि म्हणाले, "आमच्या डेअरीतल्या यंत्राचं असंच व्हायचं."

"काय व्हायचं?"

"काटा ठरलेल्या रेषेच्या वर गेला की ते आपणहून सगळं तोडायचं. नवीन माणूस घाबरायचा, बिघडलं म्हणून. बिघडलेलं नसायचंच. ते स्वतःला वाचवत असायचं."

"पण याचा पंखा फिरतोय ना. निहारनेसुद्धा बघितला."

"असेल. मला त्यातलं काय कळतं? मी नुसते आकडे लिहिलेत." त्यांनी कॅलेंडरकडे बोट केलं.

वसुधाबाई खरकट्या हातानेच उठल्या. पाच दिवसांचे चौकोन बारीक आकड्यांनी भरले होते. रोज सकाळी मशीन पहिल्यांदा वीस-पंचवीस मिनिटं टिकायचं, त्यानंतर सहा, पाच, पाच. दुपारी जेवून, डोळा लागून, चारला बसलं की परत वीस मिनिटं. आणि बुधवारी सकाळी त्या नुसती सूची टाइप करत होत्या, एकही फोटो नाही, तेव्हा दोन तासांत एकदाही नाही. यात विजेचा काही संबंध नव्हता, पण पंखा लावा असं म्हणायला त्यांची जीभ वळली नाही. हे गरम होणंच होतं. गार असलं की टिकायचं, तापलं की तोडायचं, आणि फोटोंच्या जड कामात पटकन तापायचं.

शनिवारी सकाळी सातला त्यांनी कॅबिनेटची बाजू उघडली, मशीन चालू केलं आणि मुद्दाम फोटोंचं काम लावलं. प्रोसेसरच्या डोक्यावर, तो गार राहावा म्हणून, पत्र्यांचा एक ठोकळा बसवलेला असतो आणि त्यावर पंखा. अठराव्या मिनिटाला पडदा काळा झाला. वसुधाबाईंनी स्विच बंद केला, आणि त्या ठोकळ्यावर बोट ठेवलं.

बोट पोळायला हवं होतं. ठोकळा गार होता.

खाली शेगडी पेटलेली आणि वर तवा गार, असं कसं होईल? मधे काहीतरी असल्याशिवाय होणार नाही. त्या तशाच बोट ठेवून उभ्या राहिल्या, आणि मग त्यांना दसऱ्याची सकाळ आठवली. ठोकळा खोक्यातून काढला तेव्हा त्याचा तळ कसा आरशासारखा लखलखत होता. त्यावर पातळ, पारदर्शक फिल्म होती, एक चरा नाही की डाग नाही. नजरचुकीने राहिली असं नव्हतं. त्यांनी ती पाहिली होती. नखाने कोपरा उचलून, मग अंगठ्याने दाबून परत नीट बसवली होती. एवढा सुंदर तळ, त्याला ते प्रोसेसरची उष्णता ठोकळ्याला पोचवायचं चिकट मलम कशाला लागू द्यायचं, फिल्मवरच लागू दे, असं मनाशी म्हणत.

वसुधाबाई खुर्चीवर बसल्या. घरात कोणी त्यांना शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. विद्याधरराव समोर बनियनवर बसले होते, पाठीवर घामोळं उठलेलं, आणि चार दिवसांत पंख्यावरून एका शब्दाने बोलले नव्हते.

स्क्रूड्रायव्हर घेऊन त्यांनी चार स्क्रू काढले. या वेळी ते स्वतःच्या नाही, नवऱ्याच्या तळहातावर ठेवले. ठोकळा अलगद फिरवून उचलला, उलटा केला. फिल्म होती तशीच होती, करड्या मलमाने माखलेली. तिचा कोपरा धरून त्यांनी ओढली. किती सहज निघाली ती, एका दमात. आणि खरं सांगायचं तर, ती फिल्म पुसून घ्यावी म्हणून त्यांचा हात सवयीने फडक्याकडे गेला. त्यांनी ती पुसली, घडी घातली आणि ओट्याखालच्या खणाशी गेल्या, जिथे सगळ्या पिशव्या, कागद, दोरे घड्या घालून ठेवलेले असतात. खण उघडला. मग तो तसाच बंद केला, आणि फिल्म कचऱ्याच्या डब्यात टाकली.

"मलम परत लावावं लागेल ना?" विद्याधररावांनी विचारलं. "आता सकाळी सकाळी कुठे मिळणार?"

वसुधाबाईंनी कपाटातून मलमाची ट्यूब काढली. अर्धी उरलेली, टोपण घट्ट लावून, दोन पिशव्यांत गुंडाळून ठेवलेली. टाकून द्यायची असते ती, सगळे टाकतात. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि पाच दिवसांत पहिल्यांदा हसले.

साडेआठला मशीन पुन्हा सुरू झालं. नव्वद पानं राहिली होती आणि वेळ संध्याकाळी सहापर्यंतचा. वसुधाबाईंनी फाइल उघडली, पण फोटोंच्या पानांकडे गेल्या नाहीत. चौथ्या पानावर गेल्या. "अक्षरजुळणी :" च्या पुढे कर्सर लुकलुकत होता. आठवडाभर हे मशीन बंद पडत होतं, आणि दर वेळी त्यांना एकच भीती वाटायची, नाव लिहायचं राहूनच जाईल. आणि तरीही त्यांनी ते लिहिलं नव्हतं, शेवटासाठी ठेवलं होतं. त्यांनी टाइप केलं, वसुधा सबनीस. सेव्ह केलं. मग कामाला लागल्या.

वीस मिनिटं झाली. विद्याधरराव पेन घेऊन कॅलेंडरजवळ उभे होते. पंचवीस झाली. पस्तीस. पवन्या बसला, मारवेल बसला, कुसळी बसली. ठोकळ्यावर हात धरला तर आता चांगला ऊबदार लागत होता. चाळीस मिनिटं झाल्यावर विद्याधररावांनी पेन खिशात घातलं आणि दारात येऊन विचारलं, "पंखा लावू का आता?"

वसुधाबाईंचे हात कीबोर्डवर थांबले.

"लावा," त्या म्हणाल्या. "चार दिवस तुम्हाला उगाच शिजवलं मी. चूक माझी होती. मला ती फिल्म दिसली होती, आणि मीच ती ठेवली होती."

"कळलं मला, उपटलीस तेव्हा," ते म्हणाले आणि पंखा लावायला गेले. मशीन चालूच होतं.

दुपारी निहारचा फोन आला तेव्हा त्यालाही त्यांनी सगळं जसंच्या तसं सांगितलं. तो इतका हसला की त्याला ठसका लागला. वसुधाबाईंनी त्याला पुरतं हसू दिलं.

"झालं हसून? आता ती लॅपटॉपची ऑर्डर रद्द कर."

"आई, खरंच नको?"

"नको. माझं मशीन चांगलं आहे."

पाच वाजून दहा मिनिटांनी फाइल रुचिराकडे गेली. खुर्चीतून उठताना त्यांची पाठ मोडून आली होती. विद्याधरराव चहा घेऊन आले, चष्मा चढवून पडद्यापुढे वाकले आणि चौथं पान वाचू लागले. प्रकाशक, मुखपृष्ठ, छायाचित्रं, सगळं मोठ्याने. त्या ओळीशी आले तेव्हा थांबले, घसा खाकरला, आणि लग्नाच्या पत्रिकेतलं नाव वाचावं तसं सावकाश वाचलं.

"पुस्तक आलं की पहिली प्रत माझ्याकडे दे," ते म्हणाले. "झकास प्लास्टिकचं कव्हर घालून देतो. वर्षानुवर्षं नवीन राहील."

वसुधाबाईंनी चहाचा घोट घेतला.

"नको," त्या म्हणाल्या. "येईल त्याच्या हातात द्या. मळू दे."